ऊन आलं गं, ट्रे काढा!

बी पेरलं की निम्मं उगवतच नाही. उगवतं त्यातलं निम्मं मान टाकतं आणि उरलेलं गोगलगाई खातात. किस्से मात्र कुणी न पेरता उगवतात, दाटीवाटीनं वाढतात आणि त्यांना कीडसुद्धा लागत नाही! परवा एका लग्नात एका बाईंनी मला विचारलं, "तुम्ही पनवेलला इतकी वर्षं काढलीत, केलंत काय हो तिथं?" मी म्हटलं, "फ्लॉवर!" बाईंना वाटलं, मी गजरे विकत होते.

तर ते नीट सांगते. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. मी लग्न होऊन पनवेलला आले. आमचे हे ढवळेवकिलांकडे कारकून. गाव तेव्हा भाताच्या गिरण्यांचं, टांग्यांचं आणि चार महिने नुसत्या पावसाचं. थंडीत घरचा फ्लॉवर, कोबी, नवलकोल खायचा तर रोपं दसऱ्याच्या सुमाराला तयार हवीत. म्हणजे बी पेरायचं श्रावणात. आणि श्रावणात पनवेलला अंगणात बी पेरलं, तर ते उगवायचं थेट खाडीत!

म्हणून आमची पेरणी घरात. आडवे कापलेले रॉकेलचे डबे, चहाचे खोके, फुटक्या बादल्या. या सगळ्यांना आम्ही ऐटीत 'ट्रे' म्हणायचो. हे ट्रे चुलीशेजारी ठेवायचे. ऊब मिळाली नाही तर माती आठवडाभर ओलीच राहते आणि कोवळ्या रोपाच्या बुडाशी बुरशी धरते.

हे वेड गल्लीत आणलं इंदूताईंनी. इंदूताई एका शाळेच्या हेडमिस्ट्रेस होत्या, नुकत्याच रिटायर झालेल्या. शाळा सुटली होती, पण इन्स्पेक्शन सुटलं नव्हतं. दर रविवारी घरोघर जाऊन त्या चुलीपाशी उकिडव्या बसायच्या आणि ट्रेकडे बघून विचारायच्या, "किती गैरहजर?"

*

इंदूताईंचा भाचा विलायतेत शिकायला होता. त्यानं एकदा तिकडच्या बियांची पाकिटं पाठवली. त्यांत घरात बी कसं पेरावं याचा एक छापील कागदही होता. ताईंनी आम्हाला ओट्यावर बसवून तो मराठीत करून सांगितला.

"बी घरात, शेगडीजवळ पेरावे. रोपे तयार झाली तरी घाई करू नये. शेवटचे हिम पडून गेल्याची खात्री करून घ्यावी आणि मगच ती बाहेर लावावी."

शेवटी मीच धीर केला. "ताई, पनवेलला हिम कुठलं?"

"छापणाऱ्यानं काय उगाच छापलंय? खात्री करा म्हटलंय ना, मग करायची!"

तेवढ्यात विचुंब्याहून जनाबाई भाजीची पाटी घेऊन आली. ती रोज गल्लीत भाजी द्यायची आणि आमच्या ट्रेंकडे बघून पदराआड हसायची. ताईंनी तिलाच गाठलं. "जनाबाई, तुमच्या गावात कधी हिम पडलं होतं का?"

"भीम ना? पडला व्हता की! ताडावरना. पाय मोडला त्याचा."

"कधी?"

"गेल्या शिमग्याला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला पडतोय, बाय? आता ताडाव चडतच नाय तो!"

ताईंनी चष्मा काढला, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "चला, लावा बाहेर. शेवटचा पडून गेलाय!"

हे त्या थट्टेनं म्हणाल्या की मनापासून, ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

*

त्याच पाकिटांमध्ये विलायती घेवड्याच्या बिया होत्या. पांढऱ्याशुभ्र, टपोऱ्या. प्रत्येकीच्या वाट्याला आलेल्या बिया तिनं ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवायच्या, मोड आले की ट्रेमध्ये लावायच्या, असा हुकूम होता. मी पुरचुंडी बांधून चुलीमागच्या फळीवर ठेवली. रविवारी सकाळी उघडून बघते तर काय सुरेख मोड! एकही बी वाया नाही. माझा आनंद गगनात मावेना. हात ओले होते म्हणून पुरचुंडी तिथंच ठेवली आणि धुणं वाळत घालायला पडवीत गेले.

घरात सासूबाई होत्या. सुनेनं मोड आणून ठेवलेत, आता फोडणी तेवढी राहिलीय, असं त्यांना वाटलं. त्यात त्यांची काय चूक?

बरोबर जेवणाच्या वेळेला इंदूताई इन्स्पेक्शनला हजर! सासूबाईंनी त्यांना आग्रहानं पाटावर बसवलं. ताईंनी पहिला घास घेतला आणि थांबल्या.

"अहो, उसळ काय झालीय! कसली म्हणायची ही?"

"सुमतीनं भिजवलंय काहीतरी. मी फक्त ओलं खोबरं घातलं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

मी दारात उभी. ताईंनी उसळ पुन्हा मागून घेतली, वाटी बोटानं निपटली, हात धुतले आणि पदराला पुसत म्हणाल्या, "हं सुमती, आता दाखव बघू घेवडा. उगवण कशी आहे?"

"ताई, उगवण सगळीच्या सगळी झाली."

"शाब्बास! कुठं आहे?"

"तुम्ही दुसऱ्यांदा मागून घेतलात ना, तोच."

ताई सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "गूळ किती घातला होतात हो?"

*

गोगलगाई हा आमचा मोठा शत्रू. पण ताईंच्या हातून मुंगी मरायची नाही. त्या रोज सकाळी गोगलगाई वेचून एका डब्यात भरायच्या, आणि डबा भरला की टांगेवाल्या हुसेनला बोलावून सांगायच्या, "गाढी नदीच्या पलीकडे सोडून ये."

हुसेन डबा शेजारी ठेवून निघायचा. एकदा मी त्याला विचारलं, "काय रे, ही सवारी कशी वाटते?"

"सवारी एकदम शरीफ, भाभी! बडबड नाही, घासाघीस नाही. फक्त उतरायला फार वेळ लावते!"

*

आमच्यात सगळ्यांत मोठं स्वयंपाकघर नर्मदाकाकूंचं. त्यांचे यजमान भाऊसाहेब भाताच्या गिरणीचे मालक, घरात माणसांचा राबता, त्यामुळे चूल दिवसभर पेटलेली. काकू स्वभावानं भोळ्या, पण रोपांच्या बाबतीत कुणाचं ऐकायच्या नाहीत. चुलीपाशी रोपं उगवतात खरी, पण उजेड नसला की दोऱ्यासारखी लांबच लांब होतात आणि आडवी पडतात. म्हणून श्रावणात घटकाभर जरी ऊन पडलं, तरी पहिलं ज्या बाईला दिसेल तिनं ओरडायचं, "ऊन आलं गं, ट्रे काढा!" की सगळ्या जणी हातातलं काम टाकून ट्रे अंगणात नेणार.

एका श्रावणात काकूंकडे सत्यनारायण होता. बाहेर पाऊस मुसळधार. सगळ्या गल्लीतल्या बायका हातात अक्षता घेऊन बसलेल्या. भटजींनी पोथी काढली, घसा साफ केला, कथा सुरू झाली. साधुवाण्याचं गलबत बंदराला लागायला आलं, तोच पाऊस थांबला आणि खिडकीतून उन्हाचा एक पट्टा थेट चौरंगावर पडला.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "ऊन आलं गं."

झालं! अक्षता जागच्या जागी पडल्या. एक उठली, दुसरी उठली, आणि बघता बघता सगळी खोली रिकामी! यजमानीणबाई सगळ्यांच्या पुढे. भाऊसाहेब सोवळं नेसून पाटावर एकटेच, कानकोंडे झालेले.

"भटजी, थांबू या का जरा?"

भटजी पोथीतून वरसुद्धा न बघता म्हणाले, "वाचतो मी. त्या सूर्यनारायणाला गेल्यात, सत्यनारायणाला आपण दोघे आहोत!"

*

आमच्या घरात दक्षिणेकडे खिडकी नव्हती. ढवळेवकिलांच्या ऑफिसला मात्र छान रुंद खिडकी होती. मी यांच्यामागे भुणभुण लावली आणि मिरचीच्या रोपांचा एक ट्रे सकाळी ऑफिसला न्यायचा, संध्याकाळी परत आणायचा, असं ठरलं. हे छत्री ट्रेवर धरायचे आणि स्वतः भिजत जायचे. गावाला वाटायचं, कारकुनांना छत्रधाऱ्याचा हुद्दा मिळाला!

एक दिवस वकीलसाहेबांचा खटला होता. त्यांच्या अशिलाची मिरचीची रोपं शेजाऱ्याच्या म्हशीनं फस्त केली होती. वकीलसाहेब घाईत ऑफिसात आले, खिडकीत मिरचीची रोपं दिसली. अशिलानं पुराव्याला आणून ठेवली असतील, असं समजून त्यांनी ट्रे उचलला आणि कोर्टाकडे निघाले. हे त्या वेळी पोस्टात गेले होते. परत येऊन बघतात तर खिडकी रिकामी. धावत कोर्टात पोहोचले तोवर वकीलसाहेबांचं भाषण रंगात आलं होतं.

"महाराज! माझ्या अशिलानं पोटच्या पोरासारखी वाढवलेली रोपं! प्रतिवादीच्या म्हशीनं ती मुळासकट खाल्ली! आणि हीच..." असं म्हणून त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी उंच धरला, "हीच ती रोपं!"

मुन्सफांनी टाक खाली ठेवला. ट्रेकडे बघितलं, वकिलांकडे बघितलं.

"वकीलसाहेब, म्हशीनं परत कधी आणून दिली?"

*

काकूंच्या चुलीपेक्षाही चांगली ऊब गल्लीच्या टोकाला होती. तिथं करीमभाईंची बेकरी. त्यांची बायको फातिमाआपा आमच्यातली सगळ्यांत उत्साही. भट्टीच्या वर एक लाकडी माळा होता, शिडीनं चढायचा. खालून ऊब, वर छपराला काचेची दोन कौलं. रोपांना याहून चांगली जागा अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नव्हती. ज्यांचे ट्रे घरी रुसायचे, त्या ते आपांच्या माळ्यावर नेऊन ठेवायच्या.

एकदा नर्मदाकाकूंनी पांढऱ्या कांद्याचं बी मिळवलं आणि आपांकडे ठेवायला दिलं. आता कांद्याचं बी आणि कलौंजी शेजारी शेजारी ठेवली तर वेगळी ओळखणाऱ्याला मी नमस्कार करीन. दोन पुड्या एकाच फळीवर. व्हायचं ते झालं! काकूंनी ट्रेमध्ये पेरली कलौंजी, आणि करीमभाईंनी रमजानच्या नानांवर लावलं कांद्याचं बी.

नान हातोहात खपले. लोक दुसऱ्या दिवशी विचारायला आले, "भाई, कालवाला मसाला कौनसा था?"

इकडे काकूंच्या ट्रेमध्ये नाजूक, झिरझिरीत पानं आली. इंदूताईंनी चष्मा पुसून पुसून बघितलं आणि म्हणाल्या, "पांढऱ्या कांद्याची पात अशीच असेल." जनाबाई म्हणाली, "ह्यो कांदा नाय. शेपू हाय शेपू!" आणि दोघींची चांगली जुंपली. काकूंनी मात्र रोपं दिवाळीनंतर परसात लावली, खत घातलं, रोज पाणी घातलं. थंडीत त्यांना फिकट निळी फुलं आली. काकूंनी गल्लीभर सांगितलं, "फुलं आली, म्हणजे खाली कांदा धरला!"

एके सकाळी त्यांनी खुरपं घेऊन सगळा वाफा उकरला. खाली काहीच नाही. काकू कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि भाऊसाहेबांना हाक मारून म्हणाल्या, "अहो, परसाला कुंपण घाला! मेल्यांनी झाड जागच्या जागी ठेवून कांदे तेवढे नेले!"

*

आता हा शेवटचा.

नर्मदाकाकूंची लेक शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरायला बराच अवकाश होता. पण ऐन पावसात एका पहाटे तिच्या पोटात दुखायला लागलं आणि सकाळी मुलगी झाली. एवढीशी! काकूंच्या दोन तळहातांत मावावी एवढी. रडणंसुद्धा मांजराच्या पिल्लासारखं.

डॉक्टर गुडघाभर पाण्यातून आले. बाळाला तपासलं आणि म्हणाले, "मुंबईला नेता आली असती तर काचेच्या पेटीत ठेवली असती." पण रस्ता पाण्याखाली गेला होता. "आता एकच करा. हिला ऊब हवी. कोरडी ऊब, दिवसरात्र. गारठली तर माझ्या हातात काही नाही."

घरात ऊब आणायची कुठून? भिंतींना ओल, लाकडं भिजलेली. काकूंची एरवी दिवसभर पेटलेली चूलसुद्धा आता पेटवली की खोलीभर धूर, विझवली की गारठा. बाळाची बोटं निळी पडायला लागली. काकू तिला छातीशी धरून नुसत्या येरझारा घालत होत्या.

तेवढ्यात फातिमाआपा आल्या, चिंब भिजलेल्या. दारातूनच म्हणाल्या, "काकू, बच्चीला माझ्या माळ्यावर आणा. भट्टी कधी विझत नाही, धूर धुराड्यातून जातो. शालूलाही आणा. मी आहे."

सगळ्यांनी कोपऱ्याकडे बघितलं. कारण काकूंच्या सासूबाई तिथंच बसल्या होत्या. सगळी गल्ली त्यांना मोठ्याबाई म्हणायची. कडक सोवळं. पाव पायानं तुडवून करतात असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. बेकरीचा वास आला की त्या खिडक्या लावून घ्यायच्या. आणि आता सोयरातली बाळंतीण आणि तिचं बाळ बेकरीत! काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मोठ्याबाई उठल्या, देवघरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

काकूंनी त्या लावलेल्या दाराकडे एकदा बघितलं. जन्मात पहिल्यांदा त्या सासूला न विचारता उंबऱ्याबाहेर पडल्या. बाळ कापसात गुंडाळून त्यांच्या पदराखाली, वर छत्री धरून इंदूताई, मागून भाऊसाहेबांनी आणि करीमभाईंनी खुर्चीत बसवून आणलेली शालू. त्या दिवशी गल्लीत कुणाच्या ओठांवर हसू फुटलं नाही.

माळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे ट्रे. इंदूताईंचा त्या वर्षीचा सगळा फ्लॉवर, सगळा कोबी तिथं होता. करीमभाईंनी विचारलं, "ताई, हे कुठं ठेवू?"

"कुठं म्हणजे? रस्त्यावर!" ताई म्हणाल्या आणि पहिला ट्रे त्यांनी स्वतः माळ्याच्या खिडकीतून पावसात टाकला.

मुलगी जगली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. गौरीगणपतीत ती घरी गेली. आज ती माझ्याहून उंच आहे आणि कुणाला बोलू देत नाही. पण किस्सा तो नाही.

आम्ही माळ्यावर पाळ्या लावल्या होत्या. शालूचं अंग शेकायला एक, बाळापाशी एक. दोन-चार दिवस गेले असतील. दुपारी माझी पाळी होती. खाली पावाचा घाणा नुकताच भट्टीतून निघत होता. एकाएकी खालची सगळी बोलणी थांबली. मी वाकून बघितलं तर बेकरीच्या दारात मोठ्याबाई! एकट्या. नऊवारीचा काठ चिखलानं भरलेला, हातात काठी.

करीमभाई पिठाचे हात मागे लपवून भिंतीला चिकटून उभे राहिले. मोठ्याबाईंनी कुणाकडे बघितलं नाही. काठी शिडीला टेकवली आणि एकेक पायरी धरत वर आल्या. फातिमाआपा गडबडून उठल्या. शालू उठायला लागली, तर तिला त्यांनी हातानंच 'पड' म्हणून सांगितलं.

"बघू तिला."

मी बाळाच्या अंगावरचा कापूस बाजूला केला. मोठ्याबाईंनी बाळाचा तळपाय बोटांच्या टोकांनी चाचपला. मग दुसरा. मग कान. बाळ शिंकलं. मोठ्याबाईंनी कापूस पुन्हा नीट सारखा केला आणि तिथंच भिंतीला टेकून बसल्या. बराच वेळ बसल्या. खालून गरम पावाचा वास माळाभर पसरला होता.

मग त्या म्हणाल्या, "फातिमा, मला भूक लागलीय. गरम काय आहे तुझ्याकडे?"

आपांनी माझ्याकडे बघितलं. मी शालूकडे. आपांचा आवाज चाचरला. "मोठ्याबाई, इथं तर... पावच आहे."

"मग तोच आण."

आपांनी केळीच्या पानावर एक पाव आणून समोर ठेवला. मोठ्याबाईंनी तो मोडला. वाफ निघाली. एकेक तुकडा सावकाश चावत त्यांनी अख्खा पाव खाल्ला. मांडीवर पडलेला चुरासुद्धा वेचून तोंडात टाकला. वर आपांनी दिलेलं पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि शिडी उतरायला लागल्या. शेवटच्या पायरीवर थांबल्या. करीमभाई अजून तसेच हात मागे घेऊन उभे होते.

"करीम," मोठ्याबाई म्हणाल्या, "मीठ जरा कमी पडलंय."